कडू बीअरची गोडी कशी लागते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इतकी वर्षे स्ट्राँग लागर प्यायलात, अलीकडे पुण्यातल्या ब्रुपबमध्ये, म्हणजे स्वतःची बीअर तिथेच बनवणाऱ्या बारमध्ये, वीट (गव्हाची) बीअर आवडायला लागली. मित्र मात्र आयपीएवर, म्हणजे इंडिया पेल एल या कडू बीअरवर, जीव टाकतात. तुम्ही काही वेळा घेऊन पाहिलीत, पण दर वेळी अर्धा ग्लास तसाच राहिला. ‘सवयीने आवडते’ असे सगळे सांगतात. तर खरेच आवडते, की लोक स्वतःची समजूत घालतात? सुरुवात कुठून करावी? आणि अमेरिकेहून आलेल्या भावाने कौतुकाने आणलेल्या नावाजलेल्या आयपीएला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव का आली?

मी पेशाने ब्रुअर आहे आणि हा प्रश्न टॅपसमोर उभ्या राहिलेल्या लोकांकडून सतत ऐकतो. खरेच आवडते, समजूत घालावी लागत नाही. पण ‘सवय होईल, पीत राहा’ हा सल्ला मला पटत नाही. त्याने माणूस कडूपणा सोसायला शिकतो, बीअरला कडूपणा आणि वास देणारी हॉप्सची फुले आवडायला नाही. हॉप्सची वाट नाकातून जाते. आधी वास ओळखीचा व्हावा लागतो, कडूपणाचे मग आपोआप जमते. आणि या दोन्हींच्या आधी बीअर ताजी लागते. आयपीए आवडत नाही म्हणणाऱ्या बहुतेकांनी ताजी आयपीए घेतलेलीच नसते, असे माझे ठाम मत आहे.

हॉप्स म्हणजे काय, ते आधी पाहू. हा थंड हवेतला वेल आहे, गांजाच्याच कुळातला. बीअरसाठी त्याच्या मादी वेलाची फुले वापरतात. फुलाच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड असते, तिला ल्युप्युलिन म्हणतात. आम्हाला लागणारे सगळे त्या पुडीत असते आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक राळेसारखी आम्ले, ज्यांना आम्ही अल्फा ॲसिड म्हणतो. दुसरी सुगंधी तेले. अल्फा ॲसिड पाण्यात सहजी विरघळत नाहीत आणि नुसती फारशी कडूही नसतात. माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) रसात, म्हणजे वर्टमध्ये, हॉप्स तासभर खळाखळा उकळले की त्यांची रचना बदलते, ती विरघळतात आणि कडू होतात. तेलांचे नेमके उलटे. ती उडून जाणारी असतात, तासभर उकळली तर केटलच्या, म्हणजे उकळायच्या भांड्याच्या, वाफेबरोबर खोलीभर पसरतात आणि बीअरमध्ये नावापुरतीच उरतात.

म्हणून आम्ही हॉप्स एकदम टाकत नाही. उकळीच्या सुरुवातीला टाकलेले कडूपणासाठी, शेवटच्या काही मिनिटांतले चवीसाठी, आच बंद केल्यावरचे वासासाठी. त्यावर बीअर आंबून होत आली की गार टाकीत पुन्हा हॉप्स सोडतात, त्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. त्यातून वास भरपूर येतो, कडूपणा जेमतेम. हे समजून घेतलेत तर तुमचे अर्धे काम होईल, कारण ‘हॉपी’ आणि ‘कडू’ हे दोन वेगळे गुण आहेत. एखादी बीअर नाक भरून टाकेल इतकी हॉपी असून अजिबात कडू नसू शकते. आणि एखादी सणसणीत कडू असून तिला वास म्हणून काही नसेल. अशा दोन बीअर आमच्याकडे शेजारशेजारच्या टाक्यांत कित्येकदा असतात.

आता कडूपणाकडे वळू. जिभेवर कडू ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे रिसेप्टर आहेत आणि त्यातले काही हॉप्सच्या कडूपणाला थेट प्रतिसाद देतात. निसर्गात विषारी गोष्टी बऱ्याचदा कडू असतात, त्यामुळे पहिल्या घोटाला ‘थुंक’ असा आदेश येणे ही शरीराची शहाणीव आहे, तुमच्या आवडीनिवडीतली उणीव नाही. माणसामाणसांत फरकही बराच असतो. काहींना तोच कडूपणा दुसऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त जाणवतो आणि तो जन्मजात असतो. पण कडू सुरक्षित आहे आणि त्यासोबत काहीतरी हवेहवेसे येते, हे मेंदूला पटले की तो आदेश सौम्य होतो. लहानपणी कारल्याला नाक मुरडणारे चाळिशीत चिंचगुळाची कारल्याची भाजी मागून घेतात, ते असेच. तिथे कारल्याचा कडूपणा कमी झालेला नसतो, त्याच्याभोवती गूळ, चिंच आणि दाण्याच्या कुटाने आधार उभा केलेला असतो. बीअरमध्ये तो आधार माल्ट देतो.

म्हणूनच मेनूवरच्या आयबीयूच्या आकड्याला फार घाबरू नका आणि त्यावर फार भरवसाही ठेवू नका. आयबीयू म्हणजे ढोबळमानाने एका लिटर बीअरमध्ये किती मिलिग्रॅम कडू आम्ल आहे ते. चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेन गावात १८४२ साली जन्मलेली पिल्सनर उर्क्वेल ही सोनेरी लागर चाळीसच्या आसपास आयबीयूची आहे. कॅलिफोर्नियातल्या चिको गावी १९८० पासून बनणारी सिएरा नेवाडा पेल एलही ३८ ची. आयरिश गिनेसही त्याच परिसरातली. तिन्ही शेजारी ठेवून प्या, कडूपणा सारखा आहे यावर तुमचा विश्वास बसणार नाही. पिल्सनरमध्ये तो कोवळ्या गवतासारख्या वासामागे, ब्रेडच्या गोडीवर बसलेला असतो. पेल एलमध्ये पपनसाच्या सालीचा वास पुढे येतो. गिनेसमध्ये भाजलेल्या जवाचा कडवटपणा त्यात मिसळतो, हॉप्स वेगळे कळतच नाहीत. आमच्या धंद्यात कडूपणा नेहमी गोडीच्या तुलनेत मोजतात. वर्टमध्ये साखर किती होती हे विशिष्ट गुरुत्वावरून, म्हणजे वर्ट पाण्यापेक्षा किती जड आहे त्यावरून, कळते. १.०५० गुरुत्वाच्या बीअरला २५ आयबीयू असतील तर ती समतोल लागेल, ५० असतील तर चांगलीच कडू. पण तेच ५० आयबीयू १.०८० च्या बीअरमध्ये असतील तर ती बरीच समतोल वाटेल. आणि शंभराच्या पुढचे आकडे तर निव्वळ फुशारकीचे, जिभेला तिथे फरक करणे अवघड जाते.

तुमची अडचण मला इथेच दिसते. आपल्याकडची नेहमीची लागर तांदूळ किंवा मक्याच्या मदतीने हलकी केलेली असते, तिच्यात हॉप्स नावाला असतात आणि ती बर्फगार प्यायची पद्धत आहे. वीट बीअरमध्ये केळ्या-लवंगेचा जो वास येतो तो यीस्टचा असतो, हॉप्सचा नव्हे, आणि तिचा कडूपणा दहा-पंधरा आयबीयूचा. तिथून थेट साठ-सत्तरच्या आयपीएवर उडी मारलीत, तर घशाशी येणारच.

मग सुरुवात कुठून? माझ्या मते चांगल्या पिल्सनरपासून. लोक पेल एल सांगतात आणि ते चूक नाही, पण लागर पिणाऱ्याला पिल्सनर घरची वाटते. अंगाने हलकी, स्वच्छ, आणि शेवटी एक सरळ, कोरडा कडूपणा. त्यात लपायला जागा नसते. कडूपणा तोंडात कुठे सुरू होतो आणि किती वेळ टिकतो, ते तिथे नीट कळते. तिच्यातल्या साझ जातीच्या हॉप्समध्ये अल्फा ॲसिड तीन-चार टक्केच असतात, त्यामुळे कडूपणा मऊ लागतो. पिल्सनर रुळली की पेल एल. पेल एलमध्ये कॅस्केड वापरलेले असेल तर फारच उत्तम. कॅस्केड ही अमेरिकेत सरकारी संशोधनातून आलेली जात, १९७२ साली बाजारात आली, आणि आज ज्याला आपण क्राफ्ट बीअरचा वास म्हणतो तो मुळात तिचा आहे. संत्र्या-पपनसाची साल आणि थोडा फुलांचा वास. त्यानंतर आयपीए घ्या, आणि तीही आधी पाच-सहा टक्क्यांची.

इथे हेझी, म्हणजे गढूळ, आयपीएबद्दल बोलायलाच हवे, कारण तुमचे मित्र बहुधा तीच पीत असतील. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या द आल्केमिस्ट या ब्रुअरीच्या हेडी टॉपरपासून या पंथाला जोर आला. ओट्स आणि गहू घालून अंग मऊ करायचे, पाण्यात सल्फेटऐवजी क्लोराइडचे प्रमाण वाढवायचे, केटलमध्ये हॉप्स कमी टाकायचे आणि ड्राय हॉपिंगला हात सैल सोडायचा. बीअर रसासारखी गढूळ दिसते, आंबा-पेरूचा वास येतो, कडूपणा कमी. हॉप्सच्या वासाशी मैत्री करायला ही बीअर सोपी आहे आणि नवख्याला मी ती आनंदाने देतो. पण फक्त तिच्यावरच थांबलात तर कडूपणाशी गाठ पडतच नाही, आणि पुढे कोणी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडची कोरडी, लखलखीत वेस्ट कोस्ट आयपीए हातात दिली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मला स्वतःला वेस्ट कोस्ट जास्त प्रिय आहे. तिच्यात हॉप्सचा वास आणि कडूपणा एकमेकांना धरून चालतात, आणि घोट गिळल्यावर तोंड कोरडे होऊन पुढचा घोट मागते. ती जागा एकदा सापडली की माणूस परत फिरत नाही.

आता पिण्याची पद्धत. बाटली तोंडाला लावू नका. हॉप्सचा वास घ्यायला ग्लास लागतो, आणि तो वर थोडा मोकळा सोडलेला. ग्लासला साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही, आणि फेस नसेल तर अर्धा वास गेला. बर्फाळ बीअर नको. दोन-तीन अंशांवर तेले वर येतच नाहीत, जिभेला फक्त गारवा आणि कडूपणा कळतो. फ्रिजमधून काढून दहा मिनिटे थांबा, सहा ते दहा अंशांच्या दरम्यान ती बोलायला लागते. आपल्या हवेत दहा मिनिटे पुरतात.

मग पिण्याआधी वास घ्या. ग्लास एकदा फिरवा, दोन-तीन छोटे श्वास घ्या आणि ओळखीचे काय आहे ते शोधा. परदेशी वर्णनांत येणारी फळे विसरा, ती आपण खाल्लेली नसतात. आपल्या नाकाकडे पुष्कळ साठा आहे. हॉप्समधले लिनालूल हे धन्यातले मुख्य सुगंधी द्रव्य आहे, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात ते रोज असते. जिरॅनिऑल गुलाबात आणि रोशा गवतात असते. मायर्सीन हॉप्सच्या तेलात भरपूर, तेच आंब्यातही सापडते. पेरूचा, पॅशन फ्रूटचा जो काहीसा उग्र वास असतो, तो गंधकयुक्त संयुगांमुळे येतो आणि सिट्रा, मोझेक या जातींत ती चांगलीच जाणवतात. चिनूकमध्ये चिडाच्या ओल्या लाकडाचा वास. काही बीअरमध्ये कच्च्या कांद्याचा वास आला तर दचकू नका, काही जाती उशिरा तोडल्या की तसे होते. पण तो वास आवडलाच पाहिजे अशी सक्ती नाही.

पहिल्या घोटावरून मत बनवायचे नाही, तो फक्त तोंड धुतो. दुसरा घोट जिभेभर फिरवा, गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. घशामागून नाकात जो वास येतो, त्यालाच आपण चव समजत असतो. तिसऱ्या घोटाला कडूपणाकडे लक्ष द्या. तो किती आहे हे महत्त्वाचे नाही. तो कसा जातो ते पाहा. चांगला कडूपणा ठसठशीत येतो आणि थोड्या वेळात निघून जातो. वाईट कडूपणा जिभेच्या मागच्या बाजूला चिकटून बसतो, ॲस्पिरिनची गोळी विरघळल्यासारखा. तो लागला तर दोष तुमच्या जिभेचा नाही. हॉप्स जास्त वेळ भिजले असतील, पाणी नीट हाताळले नसेल किंवा बीअर अजून मुरायची असेल. तो ग्लास परत करा किंवा सोडून द्या.

कडूपणा घोटागणिक साचतो, हेही लक्षात ठेवा. चौथा घोट पहिल्यापेक्षा कडू लागतो. म्हणून शिकताना पूर्ण पिंट मागवू नका, छोटा ग्लास घ्या आणि मध्ये काहीतरी खारट खा. मीठ कडूपणा दाबते, हे स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही माहीत असते. खारे दाणे उगाच चखण्यात आलेले नाहीत.

घरी करायचा एक प्रयोग सांगतो, मी नव्या मुलांना हाच करायला लावतो. होमब्रुइंगचे साहित्य विकणाऱ्यांकडे हॉप्सच्या दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या छोट्या पाकिटात मिळतात. नाही तर ओळखीच्या ब्रुअरला मागा, चिमूटभर द्यायला कोणी नाही म्हणत नाही. एक गोळी तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने जोरात चोळा. हात चिकट आणि पिवळसर होतील, हाताच्या उबेने तेल सुटेल. ओंजळ नाकाशी धरा. हॉप्स निवडताना ब्रुअर अगदी हेच करतात. जीभ लावू नका, तासभर तोंड कडू राहील. मग दोन कप घ्या. एकात कोमट पाणी आणि एक गोळी, झाकून पंधरा मिनिटे. दुसरी गोळी छोट्या भांड्यात अर्धा तास उकळा. गाळून दोन्ही शेजारी ठेवा. पहिल्यात वास भरभरून येईल आणि कडूपणा थोडा असेल, दुसऱ्यात वास उडालेला आणि कडूपणा जिभेला लगेच कळणारा. मघाशी केटलबद्दल जे लिहिले, ते इथे दोन घोटांत कळते.

दुसरा भाग याहून मजेचा. तुमची नेहमीची साधी लागर घ्या. कॉफीच्या फ्रेंच प्रेसमध्ये दोन-तीन गोळ्या, म्हणजे साधारण एक ग्रॅम, टाका आणि वरून गार बीअर हळू ओता. फेस उसळतो, म्हणून भांडे अर्धेच भरा. वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून दट्ट्या दाबा आणि ग्लासात काढा. शेजारी तीच लागर काहीही न घालता. कडूपणा जवळजवळ सारखा, पण एका ग्लासात अख्खी बाग उतरलेली असेल. मी हे ज्यांना ज्यांना करून दाखवले, त्यांचा ‘हॉपी म्हणजे कडू’ हा समज तिथल्या तिथे गेला. घरात कुत्रा असेल तर मात्र गोळ्या आणि चोथा त्याच्यापासून लांब ठेवा, हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात.

आता तुमच्या भावाचा कॅन. इथे एका जुन्या समजाशी भांडावे लागते. आयपीएच्या नावात इंडिया आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनजवळच्या बो इथल्या हॉजसनच्या ब्रुअरीतून आणि नंतर बर्टन गावातून अशी फिकट, भरपूर हॉप्सची बीअर केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबई-कलकत्त्याला येत असे. जहाजाला चार ते सहा महिने लागत. यावरून गोष्ट पसरली की ही बीअर खास प्रवासासाठी शोधली गेली, दुसरी कोणतीही टिकत नसे. तसे नव्हते, त्याच जहाजांतून काळीकुट्ट पोर्टरही मुबलक येत होती आणि प्यायलीही जात होती. पण त्या गोष्टीमुळे दुकानदारांपासून पिणाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात पक्के बसले आहे की आयपीए टिकाऊ असते, कितीही दिवस ठेवा. हॉप्स काही जिवाणूंना वाढू देत नाहीत, एवढे खरे आणि कामाचे आहे. पण जिवाणूंपासून वाचणे वेगळे आणि वास टिकणे वेगळे. पिंपातली ती जुनी बीअर प्रवासात मुरत असे आणि लोकांना ती तशीच हवी होती. आजची आयपीए नेमक्या त्या ताज्या वासासाठी बनवतात, आणि सगळ्या बीअरमध्ये सगळ्यात आधी तीच म्हातारी होते.

तिचा शत्रू ऑक्सिजन, आणि त्याला साथ देते ती उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढले की बिघाडाचा वेग साधारण दुप्पट होतो, हा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. चार अंशांवर तीन महिने छान राहणारी आयपीए आपल्या एप्रिलच्या गोदामात काही आठवड्यांत संपते. आधी पपनस जाते, मग सगळा हॉप्सचा वास. माल्ट मधासारखा, चिकट गोड होतो, आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याचा तो वास येतो. कडूपणा मात्र बराचसा तिथेच राहतो. म्हणजे सुगंध गेला आणि नुसता कडूपणा उरला. भावाने आणलेला कॅन बहुधा तिकडच्या दुकानात काही आठवडे, मग घरात, मग विमानाच्या बॅगेत आणि मग तुमच्या कपाटात ‘खास दिवसासाठी’ राहिला असणार. ती ब्रुअरी चांगली असेल, बीअरही चांगली असेल. वेळ निघून गेली होती. पुढच्या वेळी त्याला कॅनच्या बुडावरची तारीख बघून आणायला सांगा आणि आला त्याच आठवड्यात फोडा.

उन्हाचेही तसेच. हॉप्सच्या कडू आम्लांवर प्रकाश पडला की त्यांतून एक गंधकयुक्त संयुग तयार होते आणि अगदी कणभर असले तरी घाण वास मारते. हिरव्या आणि पारदर्शक बाटल्या त्याला अडवत नाहीत, तपकिरी बऱ्यापैकी अडवते, कॅन पूर्ण अडवतो. पण ग्लासात ओतल्यावर कॅनचा उपयोग संपला. गोव्यात शॅकवर भर दुपारी समोर ठेवलेला ग्लास काही मिनिटांत बिघडतो. छत्रीच्या सावलीत बसा, एवढा साधा उपाय आहे.

या सगळ्याचा निष्कर्ष आपल्याकडच्या माणसासाठी फार चांगला आहे. दूरची नावाजलेली बीअर शोधत बसू नका, जवळची ताजी प्या. पुण्यात डूलाली ही ब्रुअरी २००९ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून शहरात टाकीतून थेट ग्लासात येणारी बीअर मिळते, आणि आज ब्रुपबची वानवा नाही. गोव्यातून निघालेल्या एट फिंगर एडी किंवा बीच शॅकसारख्या आयपीए दुकानात दिसल्या तर तारीख पाहून घ्या आणि फ्रिजमधलीच मागा, बाहेर रचलेल्या खोक्यातली नको. ब्रुअरीला बांधून द्यायची परवानगी असेल तिथून ग्राउलर, म्हणजे टाकीतली बीअर भरून दिलेली मोठी बाटली, आणला तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवा. उघडला की त्याच बैठकीत.

खाण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण सगळीकडे उलटे लिहिलेले असते. ‘आयपीए मसालेदार जेवणाबरोबर छान’ हे वाक्य झणझणीत जेवणाऱ्यांनी लिहिलेले नाही. हॉप्सचा कडूपणा, अल्कोहोल आणि वायू हे तिन्ही तिखटाची आग वाढवतात. कोल्हापुरी मिसळीबरोबर साठ आयबीयूची आयपीए घेतलीत तर ना मिसळ कळेल ना बीअर. तिथे तुमची वीट बीअरच बरी, किंवा माल्टची गोडी असलेली अंबर एल. आयपीएला हवे तेल, मीठ आणि थोडा कुरकुरीतपणा. रवा लावून तळलेले बोंबील आणि पेल एल, याहून सुंदर जोडी मला माहीत नाही. कोथिंबीर वडी आणि कॅस्केडची आयपीए, चरबीदार गोवन चोरिस पावात घालून आणि सोबत पेल एल, बटाटेवडा चटणी बेताने लावून. सुरमईवर लिंबू पिळायची गरज राहत नाही, ते काम बीअर करते.

डबल आयपीएकडे घाई करू नका. आठ टक्क्यांच्या पुढे अल्कोहोल, आणि चांगल्या हातची असेल तर ते जाणवत नाही, हाच तिचा धोका. ती छोट्या ग्लासात, जेवणानंतर, एकच. आणि येताना गाडी चालवायची नाही, हे वेगळे सांगायला नको.

सगळे करूनही आयपीए नाहीच आवडली तर? तसे होऊ शकते. मघाशी म्हटले तसे काहींची जीभ कडूपणाला जास्तच संवेदनशील असते. माझ्या ओळखीचे उत्तम चवीचे लोक आहेत, पिल्सनरपर्यंत येऊन थांबलेले. पिल्सनर नीट कळणे ही छोटी गोष्ट नव्हे, आणि ज्याला ती कळली त्याच्यासाठी अंबर, पोर्टर, बेल्जियन एल अशा पुष्कळ बीअर खुल्या आहेत. मित्रांना खूश करायला मात्र कडू गिळू नका.

येत्या शनिवारी गेलात तर शक्यतो गर्दी व्हायच्या आधी, संध्याकाळी लवकर जा. बारवर उभे राहून दोन गोष्टी विचारा: पिल्सनर किंवा पेल एल आहे का, आणि हॉपी बीअरपैकी कोणता केग (बीअरचे पिंप) सगळ्यात अलीकडे लावला आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथल्या माणसाला देता आले नाही तर ब्रुअर आहे का विचारा. बहुतेक वेळा तो मागेच असतो आणि त्याला हा प्रश्न आवडतो. दोन्हींचे छोटे ग्लास मागवा, वीट बीअर शेजारी राहू द्या. आधी तिन्हींचा नुसता वास घ्या. मग पिल्सनर, मग पेल एल, आणि शेवटी वीट बीअरचा एक घोट घेऊन पाहा. ती नेहमीपेक्षा गोड लागली तर पुढच्या खेपेला आयपीए मागवायला हरकत नाही.